मधली वर्षे : मांद्र्याचे भाऊ दाजी आणि मुंबईचे पहिले मेडिकल कॉलेज

बारावीचा निकाल लागून मेडिकलचा नंबर थोडक्यात हुकला की आमच्या गोव्यात घरोघर एक शब्द ऐकू येतो, तो म्हणजे ‘ड्रॉप’. अमक्याच्या मुलाने ड्रॉप घेतला, तमक्याची मुलगी ड्रॉपवर आहे. हे सांगताना आवाज आपोआप खाली येतो. जत्रेत किंवा लग्नाच्या मांडवात कोणी ‘चेडूं आता काय करते गो?’ म्हणून विचारले तर आई घाईघाईने विषय बदलते. वर्ष वाया गेले हे जणू सर्वांनी मिळून ठरवूनच टाकलेले असते. त्या वर्षात ते पोर काय वाचते, कोणाला शिकवते, कोणाची सेवा करते, याची चौकशी कोणीही करीत नाही.

शाळेतून उठून थेट वैद्यकीय वर्गात जाऊन बसायचे, ही वाट आपल्याला आता इतकी अंगवळणी पडली आहे की दुसरी वाट असू शकते हेच आपण विसरलो. अमेरिकेत आधी पदवी घ्यावी लागते आणि मगच मेडिकल स्कूल. पदवीनंतर एखाद-दोन वर्षे कुठे काम करून मग प्रवेश घेणाऱ्यांची संख्या तिथे आज निम्म्याहून अधिक आहे. तेवढ्या लांब जायचेही कारण नाही. मुंबई इलाख्यातले आधुनिक वैद्यकीय शिक्षण ज्या पहिल्या तुकडीपासून सुरू झाले, तिच्यातला सर्वांत गाजलेला विद्यार्थी असाच मधली वर्षे काढून आलेला होता आणि तो आमच्या पेडणे महालातला होता. मी म्हणतो आहे ते डॉ. भाऊ दाजी लाड यांच्याविषयी.

भाऊ हे त्यांचे घरचे नाव आणि दाजी वडिलांचे. जन्म सुमारे १८२२ चा, मांद्रे गावातला. पेडणे महाल १७८८ मध्येच पोर्तुगिजांकडे गेला होता. घरची परिस्थिती बेताची होती. कुटुंब मुंबईला गेले, तिथे वडील मातीच्या बाहुल्या विकत. मुलाची बुद्धिबळातली चलाखी पाहून एका इंग्रज गृहस्थाने वडिलांना त्याला इंग्रजी शिकवण्याचा सल्ला दिला, अशी गोष्ट सांगतात. पुढे भाऊ एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये शिकले. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन मुंबईहून गेल्यावर त्यांच्या नावाने वर्गणी जमली होती, तिच्यातून १८३४ च्या सुमारास ही संस्था उभी राहिली. दर्पणकार बाळशास्त्री जांभेकर तिथलेच अध्यापक.

इथपर्यंतची हकीकत सर्वत्र मिळते. चरित्रकार नंतर एका वाक्यात ‘काही काळ शिक्षकाची नोकरी केली’ असे लिहून ग्रँट मेडिकल कॉलेजकडे उडी मारतात. मला मात्र त्या एका वाक्याशी नेहमीच थांबावेसे वाटते.

कारण भाऊंचे शिक्षण पुरे झाले त्या वेळी मुंबईत डॉक्टर व्हायची सोयच नव्हती. १८२६ मध्ये डॉ. मॅक्लेनन यांच्या देखरेखीखाली एक देशी वैद्यकशाळा निघाली होती, ती १८३२ मध्ये बंद पडली. कलकत्त्याला १८३५ मध्ये मेडिकल कॉलेज सुरू झाले होते, पण ते मुंबईहून देशाच्या दुसऱ्या टोकाला. पणजीला १८४२ मध्ये ‘एस्कॉला मेदिको’ निघाली, म्हणजे मुंबईच्याही आधी. या गोष्टीचा आपण गोंयकारांनी अभिमान बाळगावा हे योग्यच. पण तिथले सारे शिक्षण पोर्तुगीज भाषेतले, आणि भाऊंचे तर मुंबईत इंग्रजीतून झालेले. गव्हर्नर रॉबर्ट ग्रँट यांच्या मनात मुंबईत कॉलेज काढायचे होते, पण १८३८ मध्ये ते दापोडीला वारले. मग त्यांच्या स्मरणार्थ निधी जमला, जमशेटजी जिजीभाईंनी शेजारच्या इस्पितळासाठी लाखाची देणगी दिली, डॉ. चार्ल्स मोरहेड यांनी नेटाने पाठपुरावा केला आणि १८४५ मध्ये भायखळ्याला एकदाचे वर्ग भरले.

तोवर भाऊंनी काय केले? ज्या संस्थेत शिकले तिथेच ते शिक्षक झाले. याच सुमारास त्यांनी गुजरातेतील जाडेजा व इतर रजपुतांमधल्या बालिकाहत्येच्या रूढीवर इंग्रजीत निबंध लिहिला आणि त्याला सरकारी बक्षीस मिळाले. जुने शिलालेख वाचायचे, संस्कृत ग्रंथकारांचा काळ शोधायचा, हा नादही याच वर्षांत लागला. हे सगळे डॉक्टरकीची तयारी म्हणून नव्हते. कॉलेज कधी निघेल हे तरी कोणाला ठाऊक होते!

आणि कॉलेज निघाले तेव्हा तेविशीच्या आसपासचा हा शिक्षक आपली प्रतिष्ठेची नोकरी सोडून पुन्हा बाकावर जाऊन बसला. हे पाऊल सोपे नव्हते. त्या काळी एल्फिन्स्टनचा शिक्षक म्हणजे मुंबईत मान मिळवलेला माणूस. शिवाय वैद्यकी शिकायची म्हणजे प्रेताला हात लावावा लागणार. कलकत्त्यात १८३६ मध्ये मधुसूदन गुप्तांनी शवविच्छेदन केले त्याला जेमतेम नऊ वर्षे झाली होती. सारस्वत ब्राह्मणाच्या घरात या गोष्टीवरून काय वातावरण झाले असेल त्याची कल्पना आपण आजही करू शकतो. सतरा-अठरा वर्षांच्या मुलाला घरच्यांनी दटावून बसवले असते. स्वतः मिळवत्या, बक्षीस घेतलेल्या तरुणाला दटावणे तितके सोपे नाही. मधल्या वर्षांनी भाऊंना आणखी काही दिले नसेल तरी हे बळ नक्की दिले असणार, असे माझे मत आहे.

१८५१ मध्ये पहिली तुकडी बाहेर पडली. मुंबई विद्यापीठ १८५७ चे, त्यामुळे ‘ग्रॅज्युएट ऑफ ग्रँट मेडिकल कॉलेज’ हीच त्यांची पदवी. पुढे प्रार्थना समाजाच्या स्थापनेत पुढाकार घेणारे आत्माराम पांडुरंग या तुकडीतलेच, आणि तेही भाऊंच्याच वयाचे. सेबास्तियांव कार्व्हालो आणि वनस्पतिशास्त्रात नाव मिळवलेले जुझे कामिलो लिझबोआ हे दोघे गोमंतकीयही तिच्यात होते. म्हणजे मुंबईच्या पहिल्या मूठभर डॉक्टरांत गोव्याचा वाटा केवढा तो पाहा! आज आपण ज्याला ‘वेळेवर’ म्हणतो, तसे त्यात कोण आले असणार? वेळ दाखवणारे घड्याळच मुळी १८४५ मध्ये लागले.

पुढचे भाऊ दाजी बऱ्याच जणांना ठाऊक आहेत. धाकटा भाऊ नारायण हाही डॉक्टर झाला, दोघांनी मिळून धर्मार्थ दवाखाना चालवला. १८५२ च्या बॉम्बे असोसिएशनचे ते चिटणीस झाले, १८६९ आणि १८७१ असे दोनदा मुंबईचे शेरीफ झाले. भायखळ्याच्या राणीच्या बागेतल्या ज्या संग्रहालयासाठी ते झटले त्याला १९७५ मध्ये त्यांचे नाव दिले गेले. बागेत वाघ पाहायला जाणाऱ्या गोंयकारांनी तेवढी पाटी जरूर वाचावी. १८६२ च्या महाराज लायबल खटल्यात त्यांनी डॉक्टर या नात्याने जी साक्ष दिली, ती द्यायला छाती लागत होती. एका धर्मगुरूला गुप्तरोग असून आपण त्यावर उपचार केले, हे भर कोर्टात सांगायचे होते.

पण शिक्षकी करताना लागलेला नाद मात्र सुटला नाही. दिवसभर रोगी तपासणारा हा माणूस अजिंठ्याच्या लेखांचे वाचन करी. कालिदासाच्या काळावर एशियाटिक सोसायटीत त्याने निबंध वाचला. दोन्ही अंगे जिथे एकत्र आली ती जागा म्हणजे महारोगाचे औषध. जुनी वैद्यकी आणि नवी तपासणी यांची सांगड घालून त्यांनी कडू कवठाच्या तेलाचा प्रयोग रोग्यांवर केला. आपल्याकडे रानात ‘खष्टेल’ म्हणतात तेच हे झाड. गुण येतो अशी कीर्ती झाली आणि लांबून रोगी येऊ लागले.

इथे त्यांचा तोच संथ, पक्के झाल्याशिवाय न बोलण्याचा स्वभाव आडवा आला. खात्री पटेपर्यंत औषध जाहीर करायचे नाही असे त्यांनी ठरवले, त्यावरून टीकाही सोसली. ३१ मे १८७४ रोजी ते वारले तेव्हा आपल्या उपचाराची हकीकत त्यांनी छापलेली नव्हती. त्याच जातीच्या झाडांचे तेल पुढे विसाव्या शतकात, १९४० च्या दशकात डॅप्सोन येईपर्यंत, जगभरच्या इस्पितळांत महारोग्यांना टोचले जात होते.