लुक्ल्याची चढी धावपट्टी

मार्च 1953 मध्ये जॉन हंट यांची एव्हरेस्ट मोहीम निघाली, तेव्हा काठमांडूकडची मोटारवाट भादगावलाच संपत होती. पुढचा सगळा भार हमालांच्या पाठीवर. डोको नावाची निमुळती टोपली, तिचा पट्टा कपाळावर आणि दम खाताना टोपलीखाली टेकवायला हातात आखूड काठी. तेंगबोचेचा मठ गाठायला 17 दिवस लागले. काठमांडू ते तेंगबोचेच्या अलीकडचे लुक्ला हे हवाई अंतर खरे तर जेमतेम 135 किलोमीटर. पण तिथल्या नद्या नि डोंगरधारा उत्तर-दक्षिण धावतात आणि वाट जाते पूर्वेला. त्यामुळे धार चढायची, नदीपर्यंत उतरायचे, की पुन्हा नवा चढ.

त्याच मोहिमेतले एडमंड हिलरी पुढे शेर्पांच्या मुलखात परतले ते शाळा बांधायला. खुमजुंगची शाळा 1961 मध्ये उभी राहिली. मग खुंदेला इस्पितळ काढायचे ठरले, पण सामान आणायचे कसे? त्यासाठी 1964 मध्ये लुक्ल्याला धावपट्टी झाली. हिलरींना हवी होती सपाट शेतजमीन, ती शेतकरी देईनात. त्या मुलखात पिकाऊ सपाटी असते किती, की ती विमानांना द्यावी! अखेर सुमारे 2,650 डॉलरला उताराची जागा मिळाली. झाडोरा तोडला, कुदळी चालल्या, तरी माती भुसभुशीतच. रोलर तर नव्हताच. हिलरींनी शेर्पांना गावठी दारू पाजली आणि नाचायला लावले. हातात हात गुंफून, पाय आपटत त्यांनी पट्टी चोपून काढली. विमानतळबांधणीची इतकी झकास तऱ्हा दुसरीकडे क्वचितच सापडेल.

नाइलाजाने घेतलेला उतारच पुढे कामाला आला. पट्टी 527 मीटर लांब, चढ जवळपास 12 टक्के. उतरणारे विमान चढावर मंदावते, सुटणारे उतारावर वेग घेते. वरच्या टोकाला डोंगर, खालच्या टोकाला दरी, त्यामुळे उतरताना चुकले तर पुन्हा घिरटी घालायला वाव नाही. ऑक्टोबर 2008 मध्ये धुक्यात एक विमान आदळून 18 जण गेले.

डोंगरातल्या विमानांची किंमत हिलरींनी घरातही मोजली. 31 मार्च 1975 रोजी त्यांची पत्नी लुईस आणि धाकटी मुलगी बेलिंडा फाफलूला त्यांच्याकडेच निघाल्या होत्या. काठमांडूहून उडताच विमान कोसळले.

इस्पितळाच्या सामानासाठी केलेल्या पट्टीवर पाहता पाहता पर्यटकांची रीघ लागली. जिरीवरून जाणाऱ्या जुन्या पायवाटेची गिऱ्हाइके लुक्ल्याने पळवली. चुलींसाठी जंगल तुटू लागले, तशी हिलरींनाही या पट्टीची खंत वाटू लागली. 1976 मध्ये सागरमाथा राष्ट्रीय उद्यान झाले.

पट्टीवर डांबर पडले ते 2001 मध्ये. आता अडचण आहे ती दुसऱ्या टोकाला. गर्दीच्या मोसमात काठमांडूच्या विमानतळाला ही लहान विमाने पेलत नाहीत, म्हणून 2019 पासून त्यांतली बरीचशी मंथलीहून सुटतात. बेसकॅम्पला निघालेला पुण्या-मुंबईचा ट्रेकर मोसमात गेला, तर मध्यरात्रीच काठमांडूत जीपमध्ये बसतो, चार-पाच तास वळणे मोजत मंथली गाठतो आणि तिथून वीसेक मिनिटांत लुक्ल्याला उतरतो. वर ढग असले, तर मुक्काम मंथलीलाच.