बायडिल : वंश आणि जनुक

जून २००५ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ‘बायडिल’ या औषधास संमती दिली, ती स्वतःस कृष्णवर्णीय म्हणविणाऱ्या हार्ट फेल्युअरच्या रुग्णांपुरती. वंशाचा असा निर्देश करून औषधास मान्यता देण्याची तेथील ही पहिलीच वेळ होय.

औषध मात्र नवे नव्हते. हायड्रॅलॅझिन व आयसोसॉर्बाइड डायनायट्रेट ही दोन जुनी द्रव्ये एका गोळीत आणली होती, इतकेच. पहिल्याने रोहिण्या सैल होतात. दुसऱ्यापासून शरीरात नायट्रिक ऑक्साइड निर्माण होऊन मुख्यतः नीला प्रसरण पावतात व थकलेल्या हृदयावरील भार हलका होतो. जे कोहन व त्यांच्या सहकाऱ्यांनी माजी सैनिकांच्या रुग्णालयांतील ६४२ पुरुषांवर केलेल्या परीक्षेचे निष्कर्ष १९८६ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा या जोडीचा वंशाशी काही संबंध जोडलेला नव्हता. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या परीक्षेत एनालाप्रिल सरस ठरले. १९९७ मध्ये प्रशासनाने बायडिल नाकारले. वंशाचा विचार पुढे आला तो त्यानंतर. १९९९ मध्ये जुनीच आकडेवारी वर्णानुसार विभागून पाहता कृष्णवर्णीयांना लाभ अधिक दिसला. परंतु पहिल्या परीक्षेत ही जोडी मिळालेले कृष्णवर्णीय अवघे ४९ होते! तरीही २००२ मध्ये कृष्णवर्णीयांच्या उपचारापुरते निराळे पेटंट मिळाले.

पुढे १,०५० कृष्णवर्णीय रुग्णांवरील परीक्षा जुलै २००४ मध्ये मुदतीपूर्वीच थांबविण्यात आली. नेहमीच्या उपचारांच्या जोडीस बायडिल घेणाऱ्यांपैकी ६.२ टक्के, तर निरौषध गोळी घेणाऱ्यांपैकी १०.२ टक्के रुग्ण दगावले होते. लाभ निःसंशय होता. तो कृष्णवर्णीयांनाच होतो, हे मात्र सिद्ध झाले नव्हते. कारण परीक्षेत इतर कोणी नव्हतेच. शिवाय वंश ठरला तो रुग्णाच्या स्वतःच्या सांगण्यावरून. संमती त्याच आधारावर दिली गेली, जनुकावरून नव्हे.

जनुकांकडे लक्ष गेले ते याच परीक्षेतील काही रुग्णांच्या रक्तामुळे. जीएनबी-३ या जनुकाच्या ८२५ व्या स्थानी दोन्ही प्रतींत थायमिन असलेल्यांना बायडिलचा लाभ अधिक झाल्याचे डेनिस मॅकनमारा व सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये दाखविले. अभ्यास लहान होता, ही गोष्ट विसरून चालणार नाही. तथापि हा जनुकप्रकार आफ्रिकी वंशीयांत विपुल असला तरी सर्वांत नाही, आणि तो श्वेतवर्णीयांतही आढळतो. निष्कर्ष टिकला, तर कातडीचा वर्ण पाहून औषध निवडणारा वैद्य काही कृष्णवर्णीयांना ते निष्कारण देईल आणि ज्यास ते उपयोगी पडले असते, अशा गोऱ्या रुग्णास त्यापासून वंचित ठेवील.