राबाच्या दिवसांतले बारा नमस्कार

आमच्या धसईकडं उन्हाळा म्हणजे आराम, असं कधी नव्हतंच. मुरबाड तालुक्यात पावसाळ्यात भात लावायचं, तर त्याची तयारी फाल्गुन-चैत्रातच. झाडांच्या डहाळ्या तोडायच्या, त्या वाळल्या की शेण, डहाळ्या, पातेरा आणि वर माती असे थर देऊन राब भाजायचा. तणाचं बी जळतं, राख रोपाला खत होते. मग घर शाकारणं, सरपण भरणं, बांध नीट करणं. त्यात लग्नसराई. एका मांडवाचं जेवण पचत नाही तोवर दुसऱ्याचं आवतण दारात.

१९७०च्या सुमाराला मी सातवीत होतो. आमचे एक गुरुजी साताऱ्याकडचे, औंध संस्थानात शिकलेले. तिथले राजे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः रोज सूर्यनमस्कार घालत आणि संस्थानच्या शाळांतून मुलांबरोबर मुलींनाही घालायला लावत. १९३८ साली सूर्यनमस्कारांवरचं त्यांचं इंग्रजी पुस्तक लंडनला छापून आलं. पुढच्याच वर्षी, गांधीजींच्या सल्ल्यानं, त्यांनी राज्यकारभार प्रजेच्या हाती देणारी राज्यघटना मान्य केली. गुरुजी ही गोष्ट सांगताना ताठ बसत.

त्यांनी आम्हा पाच-सहा पोरांना नमस्कार शिकवले. हिवाळ्यात चुरस लागली. मी शंभरावर गेलो. गावात सांगत फिरलो. आणि राब भाजायचे दिवस आले तसा शंभराचा पन्नास झाला, पन्नासाचा शून्य. अंग मोडून यायचं. पहाटे जाग आली तरी वाटायचं, शंभर काही होणार नाहीत, मग कशाला उठायचं?

गुरुजी भेटले तेव्हा मी कामाचं गाऱ्हाणं मांडलं. ते म्हणाले, "शंभर कोणी सांगितले होते? बारा घाल. पण रोज घाल. लग्नाला जायचं असेल तर बारा घालून जा."

घरी येऊन मी आईला ऐटीत सांगितलं, उद्यापासून व्यायाम पुन्हा सुरू. आई तेव्हा विहिरीवरून आली होती. डोक्यावर हंडा, त्यावर कळशी, काखेत आणखी एक. वैशाखात जवळची विहीर आटली की लांबची गाठावी लागे. हंडा उतरवत ती म्हणाली, "तुझं शंभर गावानं मोजलं रं बाबा. माझ्या खेपा कोण मोजतंय?"

मला उत्तर सुचलं नाही. दुसऱ्या दिवशी अंधारातच उठलो. ऊन व्हायच्या आत अंगणात बारा नमस्कार घातले. पाचेक मिनिटं लागली असतील. मग कळशी उचलून तिच्यामागून निघालो. वाटेत पोरं हसली, "बायकांचं काम करतोय" म्हणाली. पहिले चार दिवस मान खाली घालून चाललो. नंतर सवय झाली. मला आणि त्यांनाही.

त्या उन्हाळ्यात लग्नं झाली, राब भाजले, मृग लागला. दोन दिवस ताप आला तेवढेच नमस्कार चुकले. गुरुजींना सांगितलं तर म्हणाले, "तापात घालायचे नसतातच. उतरल्यावर घातलेस ना?"

पुढं आईचे गुडघे गेले. डॉक्टरांनी जिना टाळायला सांगितलं तेव्हा ती हसली; आमच्या घराला जिनाच नव्हता. तिची कष्टाची सवय एकही दिवस चुकली नव्हती, पण तिला बारावर थांबायची मुभा कोणी दिली नव्हती. व्यायाम आणि राबणं यांतला फरक मला तिच्या गुडघ्यांनी शिकवला. व्यायामाला माप असतं, विसावा असतो. राबणाऱ्याच्या वाट्याला तो दुसऱ्या कुणी ओझ्याला हात लावला तरच येतो.

आता माझी साठी उलटली. उन्हाळ्यात अजून बाराच घालतो. घातले की घरातलं पाणी मी भरतो. नळ अंगणात आला आहे, पण सवय मोडली नाही.