पुलाच्या पोटाकडे कोण बघतं?

अंधेरीत राहणाऱ्या माणसाला गोखले पूल हा पूल वाटतच नाही. पश्चिमेकडून पूर्वेला जाताना रिक्षा थोडी वर चढते, खालून लोकल जाते, रिक्षा उतरते आणि आपण तेली गल्लीत पोचतो. मीही वर्षानुवर्षं तसाच गेलो. खाली वाकून त्या पुलाचं पोट बघावं असं कधी मनात आलं नाही.

3 जुलै 2018 ला सकाळी साडेसातच्या सुमाराला, भर पावसात, या पुलाचा पादचारी भाग खाली रुळांवर कोसळला. येणाऱ्या लोकलच्या मोटरमनने वेळेवर ब्रेक लावला म्हणून मोठा अनर्थ टळला. पाच जण जखमी झाले आणि त्यांतल्या दोघांचा पुढे मृत्यू झाला. मी तेव्हा कॉलेजात होतो. आईचा फोन आला, 'कुठे आहेस?' मी घरीच, आतल्या खोलीत झोपलेलो होतो. आधी फोन करायचा आणि मग खोलीत डोकावायचं, अशी तिची अवस्था झाली होती.

पूल 1975 चा, म्हणजे तेव्हा त्रेचाळीस वर्षांचा. पुलाच्या मानाने हे काही म्हातारपण नव्हे. चौकशीत गंजलेलं लोखंड आणि मागाहून चढत गेलेला बोजा या गोष्टी पुढे आल्या. मूळ आराखड्यात नसलेल्या केबल, पेव्हर ब्लॉक, वाळू हे सगळं कुणी एका रात्रीत आणून टाकलं नव्हतं. दर काही वर्षांनी कुणीतरी थोडं थोडं वाढवलं आणि दर वेळी ते किरकोळच वाटलं असणार.

त्यानंतर मुंबईतल्या 445 पुलांची तपासणी रेल्वे, महापालिका आणि आयआयटी मुंबई मिळून करतील, अशी घोषणा झाली. 'आता ड्रोन येतील, एआय भेगा शोधेल' ही चर्चाही तेव्हापासून वाढली. मला फोटोग्राफीचा नाद आहे, थोडंफार कोडिंगही येतं, त्यामुळे हे ऐकून मी खूशच झालो होतो.

आधी जुनी पद्धत सांगतो. इंजिनिअर पुलाखाली जातो, शिडी किंवा परांची लावतो, भेगा मोजतो आणि छोट्या हातोडीने काँक्रीटवर ठोकत जातो. खणखणीत आवाज आला तर ठीक. बद्द आवाज आला तर आत पोकळी आहे असं समजायचं. रेल्वेवरच्या पुलाला हे दिवसाढवळ्या जमत नाही. खाली 25 हजार व्होल्टची तार असते. त्यासाठी मध्यरात्री ब्लॉक घ्यायचा, वीज बंद करायची आणि पहिली लोकल सुटायच्या आत आवरायचं. बॅटरीच्या उजेडात, मान वर करून, दोन-तीन तासांत.

ड्रोन इथे खरंच कामाचा आहे. तो माणूस पोचत नाही तिथले फोटो आणतो. सॉफ्टवेअर ते एकमेकांना जोडून सबंध पुलाचं एकच चित्र तयार करतं, मग प्रोग्राम त्यात भेगा शोधतो. चित्रात उजेड-अंधार जिथे एकदम बदलतो तिथे कड असते, या कल्पनेवर जॉन कॅनी यांनी 1986 मध्ये मांडलेली पद्धत आजही शिकवतात. आता त्याच्या जोडीला हजारो भेगांचे फोटो दाखवून तयार केलेली मॉडेल्स आली आहेत.

पण गणित करून बघा. काँक्रीटच्या भारतीय मानकानुसार साधारण परिस्थितीत 0.3 मिलिमीटर रुंदीची भेग चालते. ती चित्रात किमान तीन पिक्सेल रुंद दिसायला हवी असेल, तर एक पिक्सेल म्हणजे 0.1 मिलिमीटर. 12 मेगापिक्सेलच्या फोटोत आडवे साधारण 4000 पिक्सेल असतात. म्हणजे एका फोटोत मावणार जेमतेम 40 सेंटिमीटर काँक्रीट! शंभर मीटर लांब, दहा मीटर रुंद पोटाला आठ हजारांहून जास्त फोटो, आणि जोडण्यासाठी ते एकमेकांवर चढवले तर कितीतरी पट अधिक.

मी एका रविवारी आमच्या जवळच्या एका फ्लायओव्हरखाली उभा राहून मोबाइलवर साठेक फोटो काढले आणि घरी कॅनीची पद्धत चालवली. प्रोग्रामला भरपूर 'भेगा' सापडल्या. त्यात पावसाच्या पाण्याचे ओघळ होते, शटरिंगच्या फळ्यांच्या खुणा होत्या, कोळ्याची जाळी होती आणि एका क्लासच्या पोस्टरची कड होती. खरी भेग एकच वाटली, तीही प्लास्टरची असावी.

अंधेरीत ड्रोन उडवणंही सोपं नाही. 2021 च्या ड्रोन नियमांनी देशाचं आकाश हिरव्या, पिवळ्या आणि लाल पट्ट्यांत वाटलंय. लाल पट्ट्यात केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय उडता येत नाही. आमच्या एका अंगाला सहारचा विमानतळ, दुसऱ्या अंगाला जुहूची धावपट्टी. शिवाय पुलाखाली जीपीएस दगा देतं आणि समोर ती विजेची तार असतेच.

हे सगळे अडथळे सुटतीलही. माझी शंका वेगळी आहे.

अमेरिकेत 15 डिसेंबर 1967 ला ओहायो नदीवरचा सिल्व्हर ब्रिज पडला आणि 46 माणसं गेली. कारण निघालं लोखंडी साखळीच्या एका दुव्यातली सुमारे अडीच मिलिमीटरची चीर. ती जोडाच्या आत होती, पूल सोडवल्याशिवाय दिसलीच नसती. ड्रोन असता तरी त्याला दिसली नसती. पण या अपघातानंतर त्या देशाने पूल तपासायचे राष्ट्रीय नियम केले, 1971 मध्ये.

आपल्याकडची गोष्ट बरोबर उलटी आहे. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन पूल वाहून गेला, दोन एसट्या घेऊन. त्याची पाहणी त्याच वर्षी मे महिन्यात झाली होती. 14 मार्च 2019 ला सीएसएमटीजवळचा हिमालय पूल पडला, त्याच संध्याकाळी सहा जण गेले. त्याचंही ऑडिट झालेलं होतं, किरकोळ दुरुस्ती सुचवून पूल वापराला योग्य ठरवलेला होता. म्हणजे या दोन्ही पुलांपर्यंत कुणीतरी तपासायला पोचलं होतं. शेरा चुकला. अशा ठिकाणी नुसता कॅमेरा वाढवून काय होणार?

माझ्या मते ड्रोनचा खरा फायदा भेग शोधण्यात नाही, ती लक्षात ठेवण्यात आहे. 'स्थिती समाधानकारक' या दोन शब्दांशी पुढच्या वर्षी काहीच ताडून बघता येत नाही. पण त्याच जागेचा, त्याच अंतरावरून काढलेला फोटो असेल, तर गंजाचा डाग वाढला की नाही, एक केबल होती तिथे चार कधी झाल्या, हे कुणालाही दिसेल. किरकोळ म्हणून सोडलेल्या गोष्टींची बेरीज तिथे मांडलेली असेल. अट एवढीच, की ते फोटो कपाटात बंद राहता कामा नयेत आणि त्यांच्याखाली सही करणाऱ्याचं नाव हवं.

गोखले पूल 7 नोव्हेंबर 2022 ला बंद झाला. मग आम्ही अंधेरी सबवेतून जायचो. तो पावसात तुंबला की पार्ल्याचा नाहीतर जोगेश्वरीचा वळसा. 26 फेब्रुवारी 2024 ला नव्या पुलाची एक बाजू उघडली, तर शेजारच्या बर्फीवाला पुलाशी उंचीत दीडेक मीटरचा फरक! रुळांवर जास्त उंची सोडायच्या नव्या नियमामुळे पूल वर गेला होता. देशभर मीम झाले. शेवटी जॅक लावून बर्फीवाला पुलाची बाजू उचलली आणि तो जोड जुलै 2024 मध्ये उघडला. गोखले पूल पूर्णपणे सुरू झाला मे 2025 मध्ये. हा फरक ओळखायला तर ड्रोनही लागत नव्हता.

आता मी त्या पुलावरून जातो तेव्हा कधीकधी रिक्षातून उतरून कठड्यापाशी थांबतो आणि ठरलेल्या चार जागांचे फोटो काढतो. तुमच्याही रोजच्या वाटेवर एखादा पूल असेलच. तुम्हीही काढून ठेवा, तारखेसकट. त्यातून पूल सुरक्षित आहे की नाही हे आपल्याला कळणार नाही, ते इंजिनिअरचं काम. पण काही वर्षांनी कुणी 'हे आधीपासूनच असं होतं' म्हणालं, तर दाखवायला काहीतरी हाताशी असेल.