बादली, भाडेकरू आणि कायदा

छत गळू लागले की खाली पातेले नाहीतर बादली ठेवायची, गादी कोरड्या कोपऱ्यात ओढायची आणि घरमालकाच्या नावाने चार शब्द बोलून गप्प बसायचे, ही चाळीतली रीत आपल्यापैकी अनेकांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. एर्लांगेनला आलो तरी ती सुटत नाही. इथे मात्र गप्प बसण्याने हक्काची भरपाई हातची जाऊ शकते. याचे कारण दोन्हीकडच्या कायद्यांच्या इतिहासात आहे.

आपल्याकडे १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याने भाडेकरूला एक उपाय दिला. मालकाची जबाबदारी असलेली दुरुस्ती, कळवूनही वाजवी मुदतीत झाली नाही, तर ती स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करावा. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने बहुतेक जुन्या घरांची भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधली. एवढ्या भाड्यात दुरुस्ती परवडत नाही, असे म्हणून मालकांनी हात वर केले. पावसाळ्यात इमारती कोसळू लागल्या, तेव्हा १९६९ च्या कायद्याने दुरुस्ती मंडळ आणि उपकर आणला. या साऱ्यात वाद झाला तो भिंती, छत आणि भाडे यांचा. भिजलेल्या गादीचा आणि पुस्तकांचा हिशेब कोणी मांडला नाही.

जर्मनीचा नागरी कायदा, म्हणजे बी.जी.बी., १ जानेवारी १९०० रोजी अमलात आला. त्याच वर्षी लाइपझिगला भाडेकरू संघांचा देशव्यापी महासंघ स्थापन झाला. या कायद्याच्या कलम ५३८ ने तीन प्रसंगी नुकसानभरपाई सांगितली: घरातला दोष करार करतानाच असेल, नंतर मालकाच्या चुकीने उद्भवला असेल, किंवा मालकाने तो काढण्यात दिरंगाई केली असेल. पहिल्या प्रसंगी मालकाची चूक दाखवावी लागत नाही. पण ही हमी करारात वगळता येते, म्हणून करार नीट वाचावा. १ सप्टेंबर २००१ पासून हेच कलम ५३६अ आहे.

दुरुस्ती चालू असताना घरात पाणी शिरले तर कलम २७८ उपयोगी पडते. मालकाने नेमलेल्या कारागिराचा निष्काळजीपणा हा मालकाचाच धरला जातो. “त्या प्लंबरला विचारा” एवढे सांगून मालकाला सुटता येत नाही. भरपाई मात्र वस्तूच्या आजच्या किमतीइतकी मिळते. दहा वर्षे वापरलेल्या सोफ्याला नव्याचे पैसे नाहीत. शिवाय, नळ अचानक फुटला आणि कोणाचीच चूक नसेल, तर बहुधा मालकाकडून काही मिळत नाही. तिथे आपला हाउसराट विमा कामी येतो, आणि तो सहसा नव्या वस्तूची किंमत देतो. उघड्या छपरातून आलेले पावसाचे पाणी मात्र साध्या विम्यात बहुधा बसत नाही.

सर्वांत महत्त्वाचे कलम ५३६क. दोष दिसताच मालकाला कळवणे हे भाडेकरूचे कर्तव्य आहे. कळवले नाही आणि त्यामुळे मालकाला दुरुस्ती करता आली नाही, तर भरपाईचा हक्क जातो. उलट वाढलेले नुकसान आपल्यालाच भरून द्यावे लागू शकते.

तेव्हा बादली जरूर ठेवावी, पण त्याच दिवशी फोटो काढावेत, भिजलेल्या वस्तूंची यादी करावी, पावत्या शोधाव्यात आणि मालकाला व विमा कंपनीला लेखी कळवावे. प्रकरण चिघळलेच तर मीटरफेराइन, म्हणजे भाडेकरू संघ, आपल्या सभासदांना कायद्याचा सल्ला देतो. जर्मन पत्र लिहायला अडचण वाटली, तर आपल्यातल्याच जाणत्यांना संकोच न करता विचारावे.