पळस, पऱ्हाटी आणि नखांचा रंग



वसंताच्या व्याख्यानमालेत कामगार चळवळीतल्या माणसाने नेलपॉलिशवर बोलावे, याचे आपल्यापैकी काहींना हसू येईल. मलाही पूर्वी आले असते. परंतु या चिमुकल्या बाटलीत आपल्या वऱ्हाडच्या मातीशी नाते सांगणारे किती काही आहे, हे कळल्यापासून मी हसणे सोडले आहे.

दहाबारा वर्षांपूर्वीची गोष्ट. अकोल्याकडच्या एका जिनात बायांची सभा होती. होळी तोंडावर आली होती, हंगाम सरत आला होता. पुढे बसलेल्या एका बाईची नखे केशरी रंगवलेली पाहून मी म्हणालो, "मजुरी पुरत नाही म्हणता, आणि पैसे असे नखांवर घालवता?" ती शांतपणे म्हणाली, "भाऊ, तुमच्या पानाचा हिसोब म्या कधी मांगतला काय?" सभा हसली. माझ्या तोंडात तेव्हाही पान होते. शाळा माझी सातवीत सुटलेली. पण घरी आल्यावर हा रंग आला तरी कोठून, ते मी मिळेल त्या पुस्तकातून धुंडाळू लागलो.

नखे रंगवण्याची हौस आपल्याकडे नवी नाही. मेंदीने नख रंगते आणि तो रंग नखाबरोबर वाढत जाऊन निघून जातो. दुसरा रंग अळत्याचा. अळता लाखेचा, आणि लाखेचा किडा जगतो पळसावर, बोरीवर, कुसुमाच्या झाडावर. फाल्गुनात मेळघाटात पळस पेटतो, कोरकूंची होळी येते, बाया फगवा मागतात. आपल्या वसंताचा रंग तो हाच. १८५६ साली पर्किनने कृत्रिम रंग शोधला, आणि पुढे अशा रंगांनी लाखेच्या रंगाचा व्यापार बसवला. नाव मात्र टिकले. संस्कृत 'लाक्षा', तिची झाली लाख, आणि लाखेवरूनच साहेबाचा 'लॅकर' हा शब्द आला. नखांच्या रंगाला तो 'नेल लॅकर' म्हणतो, तेव्हा नकळत आपल्या पळसाचीच आठवण काढतो.

शब्द पळसाचा, तर अंग कापसाचे. १८४६ साली शोनबाइन या बाझलच्या रसायनशास्त्रज्ञाला दिसून आले की, कापूस नत्राम्ल आणि गंधकाम्ल यांच्या मिश्रणात भिजवला की तो दारूसारखा भडका घेतो. त्याचाच सौम्य प्रकार योग्य द्रवात विरघळवून पसरला, तर द्रव उडून जातो आणि मागे चकचकीत पापुद्रा उरतो. पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकेत मोटारींना असा रंग देऊ लागले, आणि हीच विद्या नखांवरही चालली. १९३२ साली, ऐन मंदीत, रेव्हलॉन कंपनी नखांच्या रंगावरच उभी राहिली. आपल्याकडे १९५२ साली टाटांनी लॅक्मे काढली. ते नाव एका फ्रेंच संगीतिकेतल्या नायिकेचे, म्हणजे फिरून आपल्या लक्ष्मीचेच.

या पदार्थाला लांब धाग्याची रुई लागत नाही. जिनातून निघालेल्या सरकीला जी आखूड लव चिकटून राहते, तीही चालते. बाटलीतली लव वऱ्हाडचीच असते असा माझा दावा नाही. लाकडाच्या लगद्यापासूनही हा पदार्थ होतो. पण कापूस आणि बाईचा हात यांची गाठ इथली जुनी आहे. १८५३ साली वऱ्हाडचा कारभार निजामाकडून इंग्रजांकडे गेला. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी पेटली, आणि विलायतेच्या गिरण्यांना आपला कापूस हवासा झाला. १८६७ पर्यंत रेल्वे अकोला, बडनेरा करीत नागपूरला पोचली. पूर्वी घरी हातरेच्यावर सरकी काढीत; वाफेचे जिन आले, आणि बाया त्या जिनात रोजाने जाऊ लागल्या.

आता लावण्याविषयी, कारण हेही त्या बायांकडूनच शिकलो. नखे आखूड ठेवावीत. यंत्राजवळ लांब नख घातक. नखावरचे तेल धुऊन कोरडे करावे. पहिला फटकारा मधोमध, मग दोन्ही बाजूंना; कातडीपासून किंचित अंतर सोडावे, नखाची कडही रंगवावी. एक जाड थर देऊ नये, दोन पातळ द्यावेत, आणि पहिला वाळल्यावरच दुसरा. सावळ्या हाताला पळसाचा केशरी खुलतो. कामाच्या हाताला मात्र फिका रंग बरा, त्याचे टवके दिसत नाहीत. खिडकी उघडी हवी, आणि चूल, विडी दूर हवी. हा कापूस अजून आपला जुना स्वभाव विसरलेला नाही. बाटलीवर करणाऱ्याचे नावगाव नसेल तर घेऊ नये. १९६२ च्या दुरुस्तीने प्रसाधने औषधांच्या कायद्याखाली आली, ती कोणा धनिकाच्या बायकोपुरती नव्हे.

त्या सभेनंतर मी पान सोडले, असे सांगितले तर ते खोटे ठरेल. पण मजुरीची मागणी लिहिताना बाईने काय विकत घ्यावे, हे मी पुन्हा कधी विचारले नाही. पोटापुरते मागा, असे मालक म्हणतो ते समजू शकते. आपण युनियनवाल्यांनी तेच म्हणावे काय? दिवसभर पांढरा कापूस हाताळणाऱ्या हाताला वर्षातून एकदा केशरी व्हावेसे वाटले, तर हिशेब तिला मागू नये. तो मजुरीच्या पत्रकाला मागावा.