सोळाने भागलेलं सागवान

बल्लारशाच्या लाकूड डेपोत माझे वडील मोजणीला होते. लठ्ठ्याच्या बरोबर मध्यावर टेप गुंडाळायचा, गोलाई घ्यायची, तिच्या चौथ्या हिश्शाचा वर्ग करून लांबीने गुणायचं. चार मीटर लांब आणि 120 सेंटिमीटर गोलाईचा आलापल्लीचा सागवान लठ्ठा रजिस्टरात 0.36 घनमीटर म्हणून चढायचा. पुढे मी शाळेत गणित शिकवलं, पण बहुपदीसाठी याहून चांगलं उदाहरण मला कुठल्याच पुस्तकात सापडलं नाही.

एडवर्ड हॉपस या इंग्रजाने 1736 मध्ये या रीतीची तयार कोष्टकं छापली, आणि इंग्रजी वनखात्याबरोबर ती हिंदुस्थानात आली. चांदा जिल्ह्याचं चंद्रपूर झालं, 1982 मध्ये त्यातून गडचिरोली वेगळा निघाला, घनफुटाचे घनमीटर झाले, रीत टिकली. गोलाईला ग म्हटलं तर घनफळ म्हणजे ग² गुणिले लांबी, भागिले 16. वर्तुळाच्या हिशेबाने भागायला हवं 12.57 ने. तसं केलं तर त्याच लठ्ठ्यात 0.458 घनमीटर लाकूड निघतं. वहीत त्यातलं साडेअठ्ठ्याहत्तर टक्केच येतं, कारण चिरकामात वाया जाणाऱ्या लाकडाची सूट त्या 16 मध्ये आधीच धरलेली. सर्वांत मोठ्या घाताच्या पदाचा सहगुणक ओळखा म्हटलं की मी पोरांना हाच दाखवायचो, एक मीटर लांबीसाठी एक छेद सोळा. माणसांनी ठरवलेला हा आकडा, आणि डेपोतला सगळा व्यवहार त्याच्यावर उभा.

आपल्याकडे भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त (1150) करवतकामाचं स्वतंत्र प्रकरण आहे. बुडाशी 20 अंगुळं, शेंड्याशी 16, लांबी 100, असं लाकूड चार ठिकाणी चिरायचं. आचार्य दोन्ही जाड्यांची सरासरी घेतात, आणि चिरलेल्या भागाच्या क्षेत्रफळाला ती तंतोतंत बसते. घनफळाला ती पुरत नाही, कारण तिथे वर्ग येतो.

बुडाशी 140 आणि शेंड्याशी 100 गोलाई घ्या. म्हणजे 120+20 आणि 120−20. वर्गांचा विस्तार मांडला की 2×120×20 हे मधलं पद एकात अधिक, दुसऱ्यात उणे. बेरजेत ते उडतं. वर्गांची सरासरी उरते 14400+400. लठ्ठा सारखा निमुळता होत गेला असेल तर खरी भर फक्त 133 ची. टोकांच्या वर्गांची सरासरी धरणारा 267 जास्त लिहितो, मध्यावर मोजणारा 133 कमी. म्हणून मध्यावरची गोलाईच भली, असं माझं मत आहे.

टेप सैल पडला तर मात्र मधलं पद उडत नाही. दोन सेंटिमीटर जास्त आले की 122 चा वर्ग 14400+480+4. कागदावर सव्वातीन टक्क्यांहून अधिक लाकूड वाढतं, आणि ते जवळजवळ सगळं त्या 480 मधलं. वडील टेपाखाली वेलीचा तुकडादेखील राहू देत नसत. आधी हाताने तेवढा भाग साफ करायचे, टेप ओढून घट्ट धरायचे, आणि मगच आकडा सांगायचे.